ओडी, बीडी, एसओएस: औषध देण्याआधी काय वाचायचं आणि कधी विचारायचं

आजचा भाग खास नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग, काहीही करत असाल तरी हा तुमच्या कामाचा आहे. आणि घरात आजी-आजोबांच्या गोळ्या तुमच्याकडे असतील, तर तुमच्यासुद्धा. या भागात आकडे बरेच आहेत आणि आकडे कानाने नीट लक्षात राहत नाहीत, म्हणून तो इथे लिहून देतोय. ड्युटीला जाताना बसमध्ये वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

एका प्रश्नाने सुरुवात करू. ट्रीटमेंट शीटवर इन्सुलिनच्या पुढे इंग्रजी ४ लिहिलाय आणि त्याला चिकटून इंग्रजी 'यू'. म्हणजे ४ युनिट. आता राउंडच्या घाईत त्या 'यू'चं वरचं तोंड मिटलं तर काय दिसेल? शून्य. चाराचे झाले चाळीस! दहापट इन्सुलिन. पेशंटला घाम फुटतो, तो असंबद्ध बोलायला लागतो, झटके येतात, बेशुद्ध पडतो, आणि वेळेत कोणाच्या लक्षात आलं नाही तर जीवही जातो. लिहिणाऱ्याच्या मनात ४ युनिटच होती. वाचणाऱ्याने जे दिसलं तेच वाचलं. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, तरी इजा व्हायची ती झाली.

औषधाचा प्रवास बघा. डॉक्टर लिहितात, फार्मसी देते, नर्स पेशंटला देते. डॉक्टरांची चूक फार्मासिस्ट पकडू शकतो. फार्मासिस्टची चूक नर्स पकडू शकते. नर्सनंतर कोण? कोणीच नाही. थेट पेशंटची शीर नाहीतर पेशंटचं तोंड. तुमचा हात हा शेवटचा हात आहे. आजच्या भागातलं बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

ही भाषा आली कुठून?

प्रिस्क्रिप्शनवर सगळ्यात वर जे 'आरएक्स' दिसतं, ते लॅटिनमधल्या 'रेसिपे' या शब्दाचं चिन्ह. अर्थ: 'घ्या'. पुढची बहुतेक छोटी अक्षरंही लॅटिनच. एकेकाळी युरोपातल्या डॉक्टरांची लिहायची भाषा लॅटिन होती. ती भाषा गेली, पण तिची अक्षरं आपल्या केसपेपरवर राहिली. आपल्याकडे वॉर्डात रोज दिसतात ती अशी:

- ओडी: दिवसातून एकदा
- बीडी: दिवसातून दोनदा
- टीडीएस: दिवसातून तीनदा
- क्यूआयडी: दिवसातून चारदा
- एचएस: रात्री झोपताना
- एसी: जेवणाआधी
- पीसी: जेवणानंतर
- स्टॅट: आत्ता, लगेच, एकदाच
- एसओएस आणि पीआरएन: गरज पडली तरच
- एनबीएम: तोंडाने काहीही द्यायचं नाही
- पीओ: तोंडाने
- आयव्ही: शिरेतून, आयएम: स्नायूत, एससी: त्वचेखाली, आयडी: त्वचेच्या आतच
- एसएल: जिभेखाली

आणि आपली देशी पद्धत म्हणजे १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ही पेशंटला पटकन कळते, म्हणून सुट्टी देताना फार उपयोगी पडते.

पाठ करायला ही यादी अवघड नाही, दोन दिवसांत होते. परीक्षेत तेवढ्यावर मार्कही मिळतात. पण वॉर्डात काम करताना या अक्षरांमध्ये जे खड्डे आहेत, ते माहीत असावे लागतात.

अक्षरांमधले खड्डे

पहिला खड्डा ओडी. मेडिसिनच्या वॉर्डात ओडी म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या विभागात गेलात की ओडी म्हणजे उजवा डोळा! अक्षरं तीच, अर्थ वेगळा. डोळ्याच्या थेंबांपुढे ओडी दिसलं की थांबायचं आणि विचारायचं: 'मॅडम, उजव्या डोळ्यात की दिवसातून एकदा?'

दुसरा, टीडीएस आणि 'आठ तासांनी'. दोन्ही म्हणजे तीनदाच ना? नाही. टीडीएस गोळी लोक सकाळ, दुपार, रात्री जेवणाबरोबर घेतात. मग रात्रीच्या आणि सकाळच्या गोळीत दहा-बारा तासांचं अंतर पडतं. अँटिबायोटिकचं इंजेक्शन 'दर ८ तासांनी' लिहिलं असेल, तर ते सकाळी ६, दुपारी २, रात्री १० असंच जायला हवं. रक्तातलं औषध ठरावीक पातळीच्या खाली जाऊ नये म्हणून ते अंतर ठरवलेलं असतं.

तिसरा, एसओएस. नुसतं 'पॅरासिटॅमॉल एसओएस' ही अर्धवट ऑर्डर आहे. कशासाठी? ताप किती आला तर? दोन डोसमध्ये किमान किती तास? दिवसात जास्तीत जास्त किती वेळा? या चार प्रश्नांची उत्तरं शीटवर नसतील, तर संध्याकाळच्या ड्युटीची सिस्टर देईल, रात्रीचीही देईल, आणि बेरीज कोणीच करणार नाही.

चौथा, आठवड्यातून एकदा घ्यायची औषधं. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट गोळी आठवड्यातून एकदा असते. ती चुकून रोज गेली तर तोंडात जखमा होतात, रक्तपेशी घसरतात आणि माणूस दगावू शकतो. म्हणून नुसतं 'वीकली' पुरत नाही, वार हवा. 'दर सोमवारी.' पेशंटलाही वारच सांगायचा.

पाचवा, नावाला जोडलेली शेपटी. मेटफॉर्मिनपुढे एसआर लिहिलेलं असतं, इतर काही गोळ्यांपुढे एक्सआर किंवा ईआर. ही गोळी पोटात हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. ती कुटून राइल्स ट्यूबमधून दिली, तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. शेपटी दिसली की कुटायचं नाही, दुसरा पर्याय विचारायचा.

टिंब आणि शून्य

आता आकड्यांकडे येऊ.

डॉक्टरांना १ मिलिग्रॅम द्यायचंय आणि त्यांनी लिहिलं '१.०'. टिंब फिकट पडलं की झाले दहा. अर्धा मिलिग्रॅम द्यायचंय आणि लिहिलं नुसतं '.५'. टिंब रेघेवर आलं, दिसलं नाही, झाले पाच. म्हणून नियम असा: पूर्ण आकड्यानंतर टिंब-शून्य लिहायचं नाही, आणि टिंबाच्या आधी शून्य लिहायचंच. १ लिहा, ०.५ लिहा.

तसंच मायक्रोग्रॅमचं. त्यासाठी ग्रीक 'म्यू' अक्षर लिहितात आणि ते घाईत इंग्रजी 'एम'सारखं दिसतं. मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम झाला म्हणजे हजारपट. डिगॉक्सिनची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. हे रूपांतर झोपेत विचारलं तरी यायला हवं.

अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालय-मान्यता संस्थेने २००४ मध्ये 'ही अक्षरं वापरूच नका' अशी यादीच काढली. त्यात युनिटसाठीचा एकटा 'यू' आहे आणि हे टिंब-शून्यही आहे. आपल्याकडे २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांच्या आचारनियमांत बदल करून सांगितलं की औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावं. म्हणजे 'सर, अक्षर लागत नाही' हे म्हणणं उद्धटपणा नाही. वाचता येईल असं लिहिणं हा नियमाचाच भाग आहे.

लेबल न वाचल्याची किंमत

एक खरी घटना सांगतो. नोव्हेंबर २००७, लॉस एंजेलिस. हॉलिवूडचा अभिनेता डेनिस क्वेड याची जुळी बाळं, जेमतेम काही दिवसांची, सीडर्स-सायनाय हॉस्पिटलमध्ये दाखल होती. आयव्ही लाइन बंद पडू नये म्हणून त्यात थोडं हेपारिन सोडतात. बाळांसाठी १ मिलीत १० युनिट असलेलं हेपारिन वापरायचं होतं. गेलं ते १ मिलीत १०,००० युनिटवालं. हजारपट. दोन्ही व्हायलची लेबलं निळसर. सुदैवाने दोन्ही बाळं वाचली.

त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, इंडियानापोलिसच्या एका रुग्णालयात अगदी अशीच चूक झाली होती. फार्मसीकडून वॉर्डाच्या कपाटात जास्त ताकदीच्या व्हायल ठेवल्या गेल्या आणि नर्सनी त्या नेहमीच्या समजून वापरल्या. तिथे तीन बाळं गेली.

नीट बघा, इथे अक्षर वाईट नव्हतं. ऑर्डर बरोबर होती. कपाटाचा कप्पाही नेहमीचाच होता. हात सवयीने गेला आणि लेबल वाचलं गेलं नाही.

आपल्याकडे हाच खड्डा वेगळ्या रूपात आहे. भारतात हेपारिनची ५ मिलीची व्हायल दोन ताकदींत मिळते. एकीत १ मिलीला १,००० युनिट, म्हणजे पूर्ण व्हायलमध्ये ५,०००. दुसरीत १ मिलीलाच ५,०००, म्हणजे पूर्ण व्हायलमध्ये २५,०००. '५,०००' हा आकडा दोन्हीकडे लागू होतो, पण एकीकडे तो अख्ख्या व्हायलचा आणि दुसरीकडे एका मिलीचा! म्हणून लेबलवर मोठा आकडा शोधायचा नाही. 'एका मिलीत किती?' एवढंच शोधायचं.

म्हणूनच तीनदा वाचायची पद्धत आहे. कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना, आणि पेशंटच्या कॉटजवळ देण्याआधी. तीन वेळा लेबल आणि शीट शेजारी शेजारी. वेळ किती जातो? अर्धा मिनिटसुद्धा नाही.

लाल टोपी, नारिंगी टोपी

इन्सुलिनकडे परत येऊ, कारण आपल्याकडे ते दोन ताकदींत मिळतं. साध्या व्हायलमध्ये बहुतेक वेळा १ मिलीत ४० युनिट. पेनच्या काट्रिजमध्ये आणि काही व्हायलमध्ये १ मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन: ४०च्या इन्सुलिनसाठी लाल टोपीची, १००च्या इन्सुलिनसाठी नारिंगी टोपीची.

आता समजा १००चं इन्सुलिन तुम्ही लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलंत. लाल सिरिंजवर २० म्हणजे अर्धा मिली. आणि १००च्या इन्सुलिनचा अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. वीसच्या जागी पन्नास, अडीचपट. उलट केलंत, ४०चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये २० पर्यंत, तर जातात फक्त ८ युनिट. मग साखर उतरत नाही, आणि डॉक्टर विनाकारण डोस वाढवतात.

व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला, तरच सुई आत. घरी इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटला सुट्टी देताना हेच दोन आकडे बोट ठेवून दाखवा.

केसीएल: पाण्यासारखं दिसणारं

पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची ॲम्प्यूल पाण्यासारखीच पारदर्शक असते. पातळ करायच्या पाण्याच्या ॲम्प्यूलशेजारी ठेवली, तर घाईत एकीऐवजी दुसरी सहज हातात येते. केसीएल थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. ते कायम सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, हळूहळूच द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की असली घट्ट द्रावणं वॉर्डाच्या साध्या कपाटात ठेवूच नयेत. तुमच्या ट्रेमध्ये दोन्ही शेजारी दिसली, तर आधी वेगळी करा, मग पुढचं काम.

इन्सुलिन, हेपारिन, केसीएल, मॉर्फिनसारखी औषधं, कॅन्सरची औषधं: ही धोक्याची मंडळी. यांचा हिशेब दोन जणांनी वेगवेगळा करायचा आणि मग उत्तर जुळवायचं. 'बघ गं, बरोबर आहे ना?' असं विचारून मान हलवून घेणं म्हणजे तपासणी नव्हे.

हिशेब

सूत्र एकच. हवं आहे ते, भागिले हातात आहे ते, गुणिले ते जेवढ्या मिलीत आहे ते.

जेंटामायसिन ६० मिलिग्रॅम द्यायचंय. व्हायल ८० मिलिग्रॅमची, २ मिलीत. ६० भागिले ८०, गुणिले २. उत्तर १.५ मिली. आता डोकं चालवून तपासा: ६० हे ८०पेक्षा कमी, म्हणजे उत्तर २ मिलीपेक्षा कमीच यायला हवं. आलं. आणि कधी एका डोससाठी चार-पाच व्हायल फोडाव्या लागताहेत असं दिसलं, तर हात थांबवा. बहुतेक वेळा हिशेबात नाहीतर ऑर्डरमध्ये काहीतरी चुकलेलं असतं.

सलाईनचं: एकूण मिली गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिली ४ तासांत, सेट २० थेंबांचा. १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेट किती थेंबांचा ते पाकिटावर लिहिलेलं असतं. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, त्यामुळे आधी पाकीट वाचा.

लहान मुलांचं पॅरासिटॅमॉल. ८ किलोचं बाळ, किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. सिरपमध्ये ५ मिलीत १२० असेल तर ५ मिली. पण ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, मग फक्त १.२ मिली. आईने ड्रॉप्सच ५ मिली पाजले तर ५०० मिलिग्रॅम गेलं, चौपटीहून जास्त. म्हणून आईला 'एक चमचा' असं कधीही सांगू नका. प्रत्येक घरातला चमचा वेगळा. बाटलीबरोबर आलेलं माप हातात घेऊन खूण दाखवा.

पेशंट तोच आहे ना?

पाच राइट्स सगळ्यांना पाठ असतात: योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. सहावं म्हणजे दिल्यानंतर लगेच नोंद. आधी नोंद करायची नाही, ड्युटी संपताना आठवून तर नाहीच.

यात सगळ्यात सोपं वाटतं ते पहिलं, आणि तिथेच घसरगुंडी आहे. 'तुम्ही पाटील आजी ना?' असं विचारलंत तर आजी 'हो' म्हणणार. ऐकू आलं नसलं तरी म्हणणार, कारण सिस्टर विचारतायत! आणि वॉर्डात दोन पाटील असणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट. प्रश्न उलटा करा: 'आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बघू.' मग ते हातातल्या पट्टीशी आणि केसपेपरच्या नंबरशी जुळवा. कॉट नंबरवर विसंबू नका. पंख्याखाली झोपायला मिळावं म्हणून पेशंट कॉट बदलतात, हे कुठल्याही सिस्टरला विचारा. मग विचारा: 'कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? गोळीने कधी अंगावर पुरळ आलंय का?'

आणि पेशंट म्हणाला, 'सिस्टर, माझी गोळी पांढरी असते, ही गुलाबी का?' तर त्याला गप्प करू नका. तपासा. कंपनी बदलली असेल, किंवा तुमच्या हातात चुकीची गोळी असेल.

विचारायचं कसं?

आता खरी अडचण. प्रश्न पडतो, पण विद्यार्थी विचारत नाहीत. सर ओरडतील, सिस्टर म्हणतील 'एवढंही येत नाही?' ही भीती खरी आहे. म्हणून तयार वाक्यं देतो.

'सर, इन्सुलिन चार युनिट की चाळीस? कन्फर्म करते.'
'मॅडम, हा डोस मला नेहमीपेक्षा जास्त वाटतोय, एकदा बघता का?'
'सिस्टर, मी हिशेब केलाय, तुम्ही वेगळा करून बघाल?'

यात कोणाची चूक काढलेली नाही, पेशंटबद्दल विचारलंय. ओरडा बसलाच तर दोन मिनिटं वाईट वाटेल. न विचारता दिलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही.

फोनवरची ऑर्डर विद्यार्थ्याने घ्यायचीच नाही, स्टाफ सिस्टरला बोलवायचं. ती कशी घेतात ते मात्र ऐका: आधी लिहून घ्यायची, मग परत वाचून दाखवायची. आणि आकडे सुटे बोलायचे. फोनवर 'साठ' आणि 'आठ' सारखंच ऐकू येतं, 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'ही. म्हणून 'साठ, सहा-शून्य'.

आणि चूक झालीच तर? आधी पेशंटकडे धावा: नाडी, बीपी, श्वास, शुद्ध, इन्सुलिन असेल तर साखर. दुसऱ्या मिनिटाला इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांना सांगा. मग जे घडलं ते जसंच्या तसं लिहा. लपवलेल्या चुकीवर उपचार होत नाहीत. सांगितलेल्या चुकीवर बहुतेक वेळा होतात.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली. दरवर्षी १७ सप्टेंबरला रुग्ण सुरक्षा दिनही असतो. कॉलेजात तेव्हा पोस्टर लागतात, स्पर्धा होतात. छानच आहे. पण ती इजा टळते किंवा होते ती तुमच्या ट्रेपासून पेशंटपर्यंतच्या चार पावलांत.

तेव्हा उद्याच्या ड्युटीसाठी एक छोटं काम. तुमच्या वॉर्डातली एक ट्रीटमेंट शीट घ्या आणि त्यातली प्रत्येक ऑर्डर पूर्ण मराठी वाक्यात मनातल्या मनात म्हणा: 'या पेशंटला, हे औषध, इतकं, या मार्गाने, इतक्या वाजता, या कारणासाठी.' जिथे वाक्य अडेल, तिथे तुमचा प्रश्न सापडला. तो विचारा.

हा भाग तुमच्या बॅचच्या ग्रुपवर पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, तुमची आणि तुमच्या पेशंटची!